ओमाच्या खिडकीचे पडदे

"बाबा, मिसेस पार्करची कर्टन अजून ओपन नाही झाला," चैत्राली काचेला नाक लावून म्हणाली, आणि अवधूतच्या हातातला चहा बशीत सांडला. एवढंच झालं. शनिवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या एका साध्यासुध्या गल्लीतलं, भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं टेरेस घर, आणि जानेवारीचा तो इकडचा उजेड, ज्याला उजेड म्हणायलाही जीव धजत नाही. दुसरा कुणी बाप असता तर 'ओपन नाही झाली म्हणावं, राणी' असं सांगून त्याने पेपर उलटला असता. अवधूत उठला. पायात सपाता, अंगात नुसता टी-शर्ट, अशा अवतारात रस्ता ओलांडून त्याने समोरचं दार असं काही बडवलं की शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून घोगरं झालं. वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग जिना उतरणारी पावलं. गुलाबी ड्रेसिंग गाऊनमधल्या मिसेस पार्कर, हातात रुमालाचा बोळा, नाक लाल. "सर्दी झालीय मला," त्या म्हणाल्या. "शनिवार आहे. माणसाने झोपूही नये का?" सॉरी, सॉरी म्हणत तो परतला, तर दारात त्याची बायको आसावरी हसत उभी. "काय रे हे! अख्ख्या गल्लीला कळलं, तू किती प्रेमळ शेजारी आहेस ते." तिला वाटलं तोही हसेल. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबले. थंडीने, असं तो म्हणाला. तिचा विश्वास बसला. अवधूतवर पटकन विश्वास बसायचा लोकांचा. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती, आणि तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

जिन्याशेजारच्या खुंटीवर त्याचा ऑफिसचा कोट होता आणि कोटाच्या आतल्या खिशात विल्माचं, हॉलंडमधल्या जुन्या शेजारणीचं, पत्र. मंगळवारी आलेलं. चार दिवस ते त्याच्याबरोबर ट्रेनने जात होतं, येत होतं. एकदा वाचलं ते वाचलं, पुन्हा उघडायची छाती झाली नव्हती, पण वाक्यं सगळी पाठ होती. विल्मा दर नाताळाला कार्ड पाठवायची, दोन ओळींचं: पाणी गोठलं, मेंढ्यांना कोकरं झाली, केसची कंबर बरी आहे. केस म्हणजे तिचा नवरा. या वेळी कार्ड नव्हतं, उशिरा आलेलं पत्र होतं, तिरप्या अक्षरातलं, इंग्रजीची परीक्षा असल्यासारखं जपून लिहिलेलं. केसला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं होतील. मी गाडी चालवणं सोडलं. इनेके, माझी मुलगी, हल्ली माझ्या धाकट्या नातीला, सानेला, माझ्याकडे एकटीला ठेवत नाही. तिचं बरोबरच आहे. येत्या मंगळवारी स्मरणशक्तीची तपासणी आहे, आणि तिच्यावर ठरणार की मी या घरात एकटीने राहायचं की नाही. इनेकेने डॉक्टरांसाठी यादी केलीय, कधी काय काय विसरले त्याची. ओमाच्या त्या दिवसापासून, तुला माहीतच आहे, मी जे पाहते ते मी खरंच पाहते की नाही याची मला खात्री वाटत नाही. बाकी ठीक. तुझी मुलगी केवढी झाली?

तुला माहीतच आहे! माहीत नसायला काय झालं. जगात एकट्या त्यालाच माहीत होतं.

विल्माचं ओल्डरवेर हे गाव नकाशात सापडत नसे. आल्कमारहून बसने वीस मिनिटं, मग कालव्याच्या कडेने चालत दहा. चाळीस घरं, एक चर्च, एक उचलता येणारा पूल, आणि गावाच्या टोकाला पाणी उपसणारं पंपघर, जे दिवसरात्र घरघरायचं; ते थांबलं तर गाव आठवड्याभरात बुडेल, असं तिथली पोरंटोरंही सहज सांगायची. कालवा रस्त्याच्या वरून वाहायचा. पहिल्या दिवशी अवधूतने पाहिलं, गाई खाली चरतायत आणि त्यांच्या डोक्याच्या वरून एक होडी शांतपणे चाललीय, आणि तो तिथेच पाठीवरची बॅग टेकवून उभा राहिला. कराडच्या माणसाने नदी खाली पाहिलेली असते, घाट उतरून जायची. इथे पाणी वर आणि माणूस खाली. शेणाचा वास मात्र ओळखीचा होता. दोन हजार एक साल, जानेवारी महिना; गिल्डर जाऊन युरो येणार म्हणून सगळ्या युरोपातल्या कंपन्यांना प्रोग्रामर हवे होते, आणि पुण्याच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी उचलून आल्कमारला टाकलं होतं. गावात खोल्या स्वस्त म्हणून तो ओमाच्या माडीवर आला. ओमा म्हणजे आजी. एक्क्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ, सगळी गल्लीच तिला ओमा म्हणायची. तिच्याकडे रविवारी ताकात जव शिजवून केलेली पेज असायची, वर काकवीसारखा पाक. पहिल्या घासालाच अवधूतने चव ओळखली. आईची आंबीलच ती, फक्त गोड. पुढच्या रविवारी त्याने तिला मीठ, जिरं आणि मिरची घालून करून दिली. ओमाने चमचाभर चाखून चमचा खाली ठेवला. "आमच्याकडे आजारी गाईला असलं देतात," ती म्हणाली, आणि वाडगा संपवला.

त्या गावात पडद्यांचं प्रस्थ मोठं. घरांच्या खिडक्या रस्त्याला लागून, भिंतीएवढ्या, आणि पडदे दिवसभर सताड उघडे. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसतं: कोण जेवतंय, कोण मोजे रफू करतंय. लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही, असं ते सांगणं. सुरुवातीला अवधूत मान खाली घालून चालायचा, दुसऱ्याच्या घरात डोकावणं आपल्यात बसत नाही म्हणून. मग कळलं की बघायचं, पण बघितल्यासारखं करायचं नाही. आणि ओमासारख्या एकट्या म्हाताऱ्यांची त्यातून एक सोय केलेली. सकाळी आठला ओमा पुढच्या खोलीचे पडदे उघडायची. साडेआठला समोरची विल्मा कॉफीचा कप घेऊन आपल्या खिडकीशी यायची. पडदे उघडे, म्हणजे ओमा उठली, धडधाकट आहे. नऊपर्यंत बंद दिसले, की विल्माने स्वतःकडची किल्ली घेऊन यायचं. फोन नाही, हाका नाहीत. विल्मा अशी तीन घरं बघायची, तीन किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर टांगलेल्या. अवधूत राहायला आला त्याच दिवशी ओमाने माडीचा जिना दाखवला, गरम पाण्याचा नळ दाखवला आणि बोट उगारून बजावलं, "पुढच्या खोलीतल्या पडद्यांना हात लावायचा नाही. ते माझे आहेत." हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साडेपाच वर्षांत त्याने स्वतःला नाना तऱ्हांनी समजावलं, पण 'मला माहीत नव्हतं' ही पळवाट काही त्याला मिळाली नाही.

"तू चहा घेणारेस का दुसरा?" आसावरीने आतून विचारलं. नको, म्हणाला. चैत्राली त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मिसेस पार्कर डेड असली असती तर तू काय केला असतास?" तो म्हणाला, "मेली नाहीये ना पण." "पण असली असती तर?" पोरं अशी सोडत नाहीत. तिचा हात गरम होता, टोस्टच्या लोण्याने चिकट. तो हातात धरून त्याने पुढच्या खोलीकडे पाहिलं. या घरात पडदे तो उघडत नसे, लावतही नसे. आसावरीला वाटायचं, आळस. तीन वर्षांपूर्वी ते ट्युलिप बघायला ॲम्स्टरडॅमला गेले तेव्हा ती मागे लागली होती, चल ना, तुझं ओल्डरवेर दाखव, किती गोष्टी सांगत असतोस. 'रविवारी तिकडे बस नसते,' तो म्हणाला. त्या दिवशी गुरुवार होता. तिच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि तिने जाऊ दिलं, देव जाणे.

जूनमधला तो दिवस त्याला निघायचा म्हणून तर लख्ख आठवत होता. लंडनची नोकरी मिळाली होती, विमान सकाळचं, टॅक्सी पावणेसहाला यायची होती. निरोप आदल्या संध्याकाळीच झाला. ओमाने त्याच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, उठवू नकोस, मला रडलेलं आवडत नाही. तो बूट हातात घेऊन जिना उतरला. बाहेर स्वच्छ उजाडलेलं, आणि पुढच्या खोलीत पडद्यांमुळे मिट्ट अंधार. मागच्या खोलीत ओमा झोपलेली. दाराशी येऊन तो थांबला. आईचं म्हणणं असायचं, माणूस घराबाहेर पडताना मागे घर काळोखं ठेवू नये, सुतकातल्यासारखं. खिडकी उघड, दिवा लाव, काहीतरी कर, पण परतून यायला वाट उजेडाची ठेव. मुंबईच्या परीक्षेला निघताना, पुण्याच्या नोकरीला निघताना, प्रत्येक वेळी तिने आधी खिडक्या उघडल्या होत्या आणि मग हातावर दही दिलं होतं. दही नव्हतं. पडदे होते. त्याने दोन्ही बाजूंना सारले, खोली उजळली, आणि अगदी हळू आवाजात, मराठीत, बंद दाराकडे बघून तो म्हणाला, "येतो, ओमा." बरं वाटलं त्याला. इतकं बरं वाटलं, की टॅक्सीत बसल्यावर डोळे भरून आले. चांगलं काहीतरी करून निघालो असं वाटलं! त्या बरं वाटण्याचीच त्याला आता शिसारी येई.

ओमा सातच्या सुमाराला उठली आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाक मारली, पण तिच्या हाकेला जोर किती असणार. साडेआठला विल्मा खिडकीशी आली. पडदे उघडे. तिने केसला हाक मारली आणि दोघं हारलेमला इनेकेकडे गेली, सानेचा पहिला वाढदिवस होता. रात्री आठला परतली. ओमासाठी आणलेला केकचा तुकडा घेऊन विल्मा समोर गेली, तर ओमा फरशीवर. तेरा तास. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर ओमाने सांगितलं ते खरंच होतं: मी पडदे उघडलेच नव्हते, त्याआधीच पडले. झालं. पडणाऱ्या बाईने उघडले नाहीत, आणि समोरची म्हणते उघडे होते. म्हणजे समोरचीने बघितलंच नाही, नातीच्या वाढदिवसाच्या गडबडीत राहून गेलं, आणि आता सारवासारव करतेय. रात्री आल्यावरही उघडेच होते ना, असं विल्मा म्हणाली, तर घरचे म्हणाले, ते तूच आत शिरल्यावर गडबडीत उघडले असशील. गावात कुणी तिला तोंडावर बोललं नाही. तसलं गाव नव्हतं ते. फक्त उरलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पुढच्या महिन्याभरात आपापल्या किल्ल्या तिच्याकडून परत नेल्या, जरा लागतेय म्हणून. हे सगळं त्याला पुढच्या कार्डांमधून थेंबथेंब कळत गेलं, तक्रार म्हणून नाही, हवापाण्यासारखं.

आणि त्यातलं काहीच घडायला नको होतं, कारण विल्माने त्याला विचारलं होतं. चौथ्या दिवशी, नव्या ऑफिसात, नव्या खुर्चीत तो बसलेला, मॅनेजर टेबलाला टेकून काहीतरी समजावत होता, आणि मोबाइल वाजला. "अवधूत, तू त्या दिवशी निघालास तेव्हा पडदे तू उघडलेस का?" तिचा आवाज किती आशेने भरलेला! तोपर्यंत ओमा पडल्याचं त्याला ठाऊकही नव्हतं. तिने एका दमात सगळं सांगितलं आणि मग तो प्रश्न विचारला. मॅनेजर बोट वर करून थांबला होता. पोलीस, व्हिसा, प्रोबेशन असलं काही त्या क्षणी मनात आलंसुद्धा नाही. ती कारणं त्याने मागाहून जमवली. त्याच्या तोंडून सरळ निघालं, "नाही. मी त्या खोलीत गेलोच नाही."  मग, "बरं. मला वाटलंच होतं, तू हात लावणार नाहीस. ओमाने तुला सांगितलं होतं." त्याने फोन ठेवला आणि मॅनेजरला म्हणाला, सॉरी, यू वेअर सेइंग? अकराव्या दिवशी ओमा गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तो स्वतःला सांगत राहिला. एक्क्याऐंशीचं वय, कधीतरी व्हायचंच. ओमाचं तसं म्हणताही आलं असतं. पण विल्मा? ती तर जिवंत होती, आणि दर नाताळाला स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास थोडा थोडा कमी करत त्याला कार्ड पाठवत होती.

मंगळवार. म्हणजे मध्ये रविवार आणि सोमवार. डॉक्टर यादी वाचतील, विल्मा मान हलवेल, होय, तेव्हापासूनच सुरू झालं म्हणेल. आणि ते खोटं असेल. समोर मिसेस पार्करच्या पडद्यामागे एक हात आला, पडदा बाजूला झाला, गुलाबी बाही दिसली. अवधूत उठला, कोटातून पत्र काढलं, आणि हॉलमधल्या फोनवरून पत्राच्या मागे लिहिलेला नंबर फिरवायला लागला. मोबाइलवरून बाहेर जाऊन करता आला असता. मनात आलं तसं. पण बाहेर गेलो तर पाय स्टेशनकडेच वळतील, हे तो स्वतःला ओळखून होता.

विल्माने उचलला. त्याचं नाव ऐकून ती हरखली, हवा कशी आहे विचारलं. त्याने मध्येच तोडलं. "विल्मा, त्या दिवशी पडदे मी उघडले होते. ओमाचे. मी तुम्हाला खोटं सांगितलं." इंग्रजीत ते फारच छोटं वाक्य झालं. मागे स्वयंपाकघरात आसावरीने नळ बंद केला.

 मग विल्मा म्हणाली, "दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि कुंडी? मधे जिरेनियमची कुंडी असायची. ती कुठे ठेवलीस?"

त्याला आठवायला क्षण लागला. पडदा तिच्यात अडकला होता. "उचलून डावीकडे ठेवली. बाहेरून बघितलं तर उजवीकडे."

"उजवीकडे," विल्मा म्हणाली. "उजवीकडे होती. मी सांगितलं होतं त्यांना! मी म्हटलं, अगं, कुंडी हललेली होती, मला कुंडी आठवते. इनेके! इनेके!" ती डचमध्ये ओरडायला लागली, त्याला त्यातला एकच शब्द कळला, 'पाहिलं', तो तिने तीनदा म्हटला. ती हसत होती का रडत होती, सांगता आलं नसतं. अवधूतला वाटलं, सुटलो. लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

मग ती परत फोनवर आली. "मी विचारलं तेव्हा 'नाही' असं का म्हणालास?"

"घाबरलो."

"तेव्हा ठीक. नंतर?"

"नंतर... उशीर झाला होता. आणि दर वर्षी आणखी उशीर होत गेला."

"हं."  आवाज पूर्वीसारखाच मवाळ होता, कार्डांमधल्या आवाजासारखा. "केस फार चांगला माणूस होता, अवधूत. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणायचा, विल्मा, वाढदिवस होता, गडबड होती, कुणाच्याही हातून बघायचं राहून जातं. मी आधी भांडले. मग थकले आणि म्हटलं, हो रे, नसेल बघितलं मी. तर त्याने मला जवळ घेतलं. शेवटच्या आजारातसुद्धा हात धरून म्हणाला, ते मनाला लावून घेऊ नकोस, मी तुला केव्हाच माफ केलंय." मग पुढे म्हणाली, "त्याने माफ केलं मला. मी ती माफी घेतली. आता ती मी कुणाला परत करू?"

  पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"मी इनेके," दुसरा आवाज आला, कोरडा, घाईतला. "माझ्या आईला बरंच काही आठवत नाही, ते खरं आहे. तपासणी मंगळवारी होईलच. पण यादीत पहिलं हेच होतं आणि ते मी खोडतेय. डॉक्टरांना लेखी लागेल. तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगा. हळूहळू. मी लिहून घेतेय."

त्याने नाव सांगितलं, एकेक अक्षर करून. आसावरी आता त्याच्या समोर येऊन उभी होती, ओल्या हातांनी, आणि तिच्या कमरेला बिलगून चैत्राली. त्या दोघींकडे पाठ करता आली असती. हॉल अरुंद होता, पण तेवढी जागा होती. त्याने पाठ केली नाही. तारीख सांगितली, टॅक्सीची वेळ सांगितली, पडदे, कुंडी.

"आणि माझ्या आईने तुम्हाला त्याच आठवड्यात फोन करून हे विचारलं होतं?"

"हो."

"काय विचारलं होतं?"

"पडदे मी उघडले का."

"आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"नाही म्हणालो," अवधूत म्हणाला, आणि पलीकडे ती ते लिहून घेईपर्यंत आसावरीकडे बघत थांबला.